पेल्यावरचे दोन ठोके

नीलमनगर, सोलापूर
ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रिय जोतीराम,

तुझा नंबर मोबाईलमध्ये आहे, बार्शीही काही लांब नाही, तरी पत्र लिहितोय याचं तुला हसू येईल. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू दुसऱ्याच वाक्याला "असू दे रं सिदा" म्हणशील, आणि मी लगेच असू देईन. माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. आज कारखाना बंद आहे. दुपारचे तीन वाजलेत. मागच्या खोलीत, जिथं सुकन्याची खाट होती तिथंच फरशीवर बसून लिहितोय. तिला जाऊन परवा महिना झाला. आईची खाट अपेक्षानं उचलून पुढच्या खोलीत नेली, पुण्याला परत जाताना म्हणाली, "बाबा, त्या खोलीत बसत जाऊ नका." मी बसतो. खिडकीतून तुझी इमारत दिसते. खांबांवरच्या सळया तशाच वर आलेल्या आहेत, त्यांवर आता कावळे बसतात.

ज्या नोटिशीमुळं तुझं इथलं काम गेलं तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्या कागदावर 'आजारी महिलेची तक्रार' असं छापलं होतं. ते तू वाचलंस आणि घडी करून खिशात घातलंस, हे मी याच खिडकीतून पाहिलं. ते खरं नव्हतं, जोतीराम. पण एकदम सांगितलं तर तुला ते नीट कळणार नाही. भिंतीच्या अलीकडं काय चाललं होतं ते तुला कधी दिसलं नाही. तेच आधी सांगतो.

दिवाळीनंतर तू शेजारच्या प्लॉटवर मुकादम म्हणून आलास, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. वैरागच्या शाळेत एका फळीवर बसलेली दोन पोरं पस्तीस वर्षांनी एका भिंतीला लागून येतात, ही मला सिद्धेश्वराचीच कृपा वाटली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुकन्याच्या पोटातली गाठ काढता येण्यासारखी नाही, आता घरी न्या, खाईल ते द्या. मी तुला भिंतीवरूनच ते सांगितलं. तू हातातला ओळंबा खाली ठेवलास आणि बराच वेळ उचलला नाहीस.

आपल्या सोलापूरचं ऊन. माघ संपायच्या आत दुपारी पत्र्यावर हात ठरत नाही. तू खिडकीशी येऊन तिला विचारलंस, "वैनी, ऊन चढायच्या आत बायकांचं थोडं काम उरकंल. सातला चालू केलं तर चालंल का? कायदा आठचा हाय." आणि ती म्हणाली, "भावजी, माझी झोप कवाच पळून गेलीय. तुमी करा की चालू." तरी तू रोज विचारायचास. पुढं तिचा आवाज बसला, खिडकीपर्यंत पोचेना, तेव्हा तिनंच स्टीलचा पेला आणि चमचा उशाशी मागून घेतला. रोज सकाळी सातला भिंतीपलीकडून तुझी हाक यायची, "वैनी, करू का चालू?" आणि आतून पेल्यावर दोन ठोके. मग मिक्सर सुरू. एकच ठोका वाजला तर थांबायचं.

एकच ठोका वाजला तो दिवस तुला आठवत असेल. त्या सकाळी तिला फार कळा येत होत्या. तू सगळ्यांना खाली बसवलंस. पाऊण तास अख्खी साईट गप्प. हिंदुराव गाडीतून उतरले आणि तुझ्यावर ओरडले, "परवानगी महापालिका देती का तुझी वैनी?" तू म्हणालास, "महापालिका लांब हाय मालक, वैनी भिताडाला लागून हाय." ते ऐकून सुकन्याला त्या कळांमध्ये हसू आलं. हसताना तिनं पोट दाबून धरलं होतं. मग दोन ठोके वाजवले.

तुला एवढंच ठाऊक आहे. आता आतलं सांगतो.

तिला घड्याळ दिसायचं नाही. नजर मंद झाली होती आणि ग्लानीत सकाळ-दुपार एक व्हायची. तिचं घड्याळ तुझी साईट होती. विटांवर पाणी मारल्याचा आवाज आला की उजाडलं. किटलीवर कपाची किणकिण झाली की अकरा. घमेली वाहणाऱ्या मल्लव्वानं नळावर खळखळ हात धुतले, डबे उघडले की एक. तेव्हा ती मला म्हणायची, "अहो, मल्लव्वानं हात धुतलं. माझी गोळी." मी घड्याळात पाहायचो, एकला दोन-तीन मिनिटं कमी-जास्त. थापी, फावडी धुवायचा आवाज आला की सहा, मग ती म्हणायची, "झालं, सुटली बिचारी. तुमी बी जरा पडा आता."

आणि ती माणसं. तिनं त्यांतलं कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, फक्त मल्लव्वाचं, ते खिडकीतून. पण कोण घमेलं टाकताना कण्हतं, कोण आज आलेलं नाही, कुणाची सासू वाईट आहे, हे सगळं तिला माहीत. तिचं आजोळ अक्कलकोटकडचं, लहानपण निम्मं कानडीत गेलेलं. मल्लव्वा आणि तिच्या बायका कानडीत जे काय बोलायच्या ते हिला सगळं कळायचं. मला कळायचं नाही. त्या एकदम खदखदून हसायच्या आणि इकडं खाटेवर हिचे ओठ हलायचे. मी विचारायचो, "काय म्हणाली?" ती म्हणायची, "काय न्हाय. बायकांचं हाय." एकदा मल्लव्वा खिडकीशी येऊन म्हणाली, "अक्का, तुझा नवरा पोथी वाचतंय का भांडतंय गं? आवाज लई मोटा." दोघी हसल्या. मी पोथी हातात घेऊन तिथंच बसलो होतो.

इथून पुढचं मला लिहायला जड जातं.

मी जॉबर माणूस, कारखान्यातले माग दुरुस्त करणारा. सव्वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा आहे. शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखायची सवय. त्या माणसाला आवाजाचा त्रास झाला असं कुणी म्हणालं तर तूच पहिला हसशील. मला आवाजाचा त्रास झालाच नाही. मी तीन महिन्यांची अर्धी पाळी मागून घेतली होती, ती तिच्याजवळ बसावं म्हणून. रोज सकाळी देवळात जाऊन तीर्थ आणायचो, तिच्या ओठांना लावायचो. दुपारी पोथी वाचायचो. ती डोळे मिटून ऐकायची, हात जोडायची, आणि बाहेर मल्लव्वानं कुणाला हाक मारली की तिचं तोंड खिडकीकडं वळायचं. झाड उजेडाकडं वळतं तसं, न ठरवता. माझ्याकडं वळलेलं तोंड दुखणारं असायचं, खिडकीकडं वळलेलं हसरं. आपल्याला शाळेत मास्तर म्हणायचे, मनातलं पाप देवासमोर बोलावं. मी देवासमोर ते बोललो नाही. मी देवाला सांगत राहिलो की हिला शांतता दे. शांतता कुणाला पाहिजे होती ते त्यालाही कळलं असेल.

फाल्गुनात मी महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी बांधकामाच्या आवाजाबद्दल तक्रारीचा छापील अर्ज दिला. नियम चांगला आहे, जोतीराम. आठच्या आधी नाही, सहाच्या नंतर नाही. कुठंतरी एखादं तान्हं मूल, एखादा म्हातारा त्या नियमामुळं झोपत असेल. नियमाला मी नावं ठेवत नाही. मी तो कशासाठी वापरला ते सांगतोय. अर्जात रकाना होता, 'त्रास कोणास होतो'. मी तिथं थांबलो. मागचा माणूस म्हणाला, "लिवा की पावनं, किती वेळ?" मी लिहिलं, सौ. सुकन्या, आजारी. खाली सही तिची पाहिजे होती. घरी न्यायचा, तिला वाचून दाखवायचा, तर ती काय म्हणाली असती हे मला माहीत होतं. मी तिथंच, त्या बाकावर बसून, तिच्या नावाची सही केली. मास्तरांनी घोटून घेतलेल्या त्याच वळणदार अक्षरात.

अर्जाचं लगेच काही झालं नाही. पंधरा दिवसांनी मी परत गेलो तर त्या बाई म्हणाल्या, "काका, वेळेबाहेर काम चालू असताना फोन करा, माणसं पाठवते. नुसत्या अर्जानं काय दिसतं?"

आणि मग स्लॅबचा दिवस आला.

तुम्ही सकाळी नारळ फोडलात. त्यातलं खोबरं मल्लव्वानं खिडकीतून हिला दिलं, हिनं ते नुसतं ओठाला लावलं. दिवसभर ती जागी होती. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बायका जो हुंकार देतात तो ती मोजत होती, मधेच म्हणायची, "आता वेग आला बघा." दुपारी मिक्सर बंद पडला, दोन तास गेले, तेव्हा हिलाच घोर. "भावजींचं आज उरकतंय का न्हाय." स्लॅब एकदा धरला की संपेपर्यंत सोडायचा नाही, ओल्यावर ओलं पडलं तरच ते एकजीव होतं, मधे सोडलं तर तिथं जोड राहतो आणि जन्मभर पाणी झिरपतं, हे मला तूच भिंतीवर बसून समजावून सांगितलं होतंस. मला ते कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं तू माझ्यासाठी मनात ठरवू नकोस.

सहा वाजून गेले. पाऊण भाग झाला होता, खिडकीतून दिसत होतं. सुकन्या म्हणाली, "अहो, सरबत करून द्या की त्यास्नी, दमली असतील." मी म्हणालो, लिंबं आणतो. गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपाशी उभा राहिलो आणि फोन लावला. लिंबं घेऊनच परत आलो. सरबत ढवळत होतो तेव्हा महापालिकेची जीप आली. मिक्सर थांबला. तू हात जोडून सांगत होतास, "सायेब, दीड तास द्या, नुसता दीड तास. ह्यो स्लॅब हाय, असा सोडता येत न्हाय." ते म्हणाले, आजारी बाईची तक्रार आहे, आणि त्यांनी नोटीस तुझ्या हातात दिली. तू एकदा आमच्या खिडकीकडं पाहिलंस. मी पडद्याच्या मागं होतो. मग तूच पोरांना म्हणालास, "बंद करा रे. वैनीला तरास व्हतुय." आणि ती नोटीस घडी करून खिशात घातलीस.

आत सुकन्यानं विचारलं, "झाला का स्लॅब?" मी म्हणालो, झाला. ती म्हणाली, "मग हर्र बोला का न्हाय म्हटली?" स्लॅब पुरा झाल्यावर सगळ्यांनी मिळून सिद्धेश्वराचा जयजयकार करायचा, ही तुमची रीत. पहिल्या स्लॅबला ती तो ऐकून खाटेवरूनच हात जोडून बसली होती. मी म्हणालो, "म्हटली की. हळू म्हटली. तुला डोळा लागला असंल." सरबताचा तांब्या तसाच राहिला.

पुढचं तुला ठाऊक आहे. जोडातून पाणी झिरपलं, हिंदुरावांनी सगळं तुझ्या माथ्यावर मारलं, तू माणसं घेऊन बार्शीला गेलास. जाताना भिंतीशी येऊन नुसतं "येतो सिदा" म्हणालास. वैनीला हाक मारली नाहीस. तिचा राग आलाय म्हणून नाही, आपला आवाज तिला नको म्हणून. मला ते दिसत होतं.

मग घरात मी मागितलेली शांतता आली. आता लिही, सिदा, असं मी स्वतःला म्हणतोय. शांततेत ती दिवसातून तीसचाळीस वेळा विचारायची, "किती वाजले?" मी सांगायचो. पाच मिनिटांनी पुन्हा. मी टोले पडणारं घड्याळ आणून समोर लावलं, तर ती म्हणाली, "ह्यो कोण बोलतोय?" काम का बंद आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, आज अमावस्या आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, खडी आली नाही. तिसऱ्या दिवशी, मल्लव्वाच्या गावाला जत्रा. इतक्या जत्रा केल्या मी त्या महिन्यात. एकदा तिनं विचारलं, "माज्यामुळं तर न्हाय ना थांबलं काम?" मी म्हणालो, छे छे. त्यावेळी तोंड उघडलं असतं तर तुला फोन करून बोलावता आलं असतं. तू बार्शीहून दीड तासात आला असतास, मल्लव्वाला मोटरसायकलवर मागं बसवून. मी पोथी उघडली आणि वाचत बसलो. आता मधे कुणाचा आवाज नव्हता. ती डोळे उघडे ठेवून छताकडं बघत ऐकायची.

शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ. मी देव्हाऱ्यापाशी होतो. मागच्या खोलीतून टण्ण आवाज आला. एक, मग थोडं थांबून दुसरा. मी पळत गेलो. तिनं पेला पोटावर धरला होता आणि चमचा हातात. खिडकीकडं कान देऊन पडली होती. घड्याळात सात वाजले नव्हते, सव्वापाच होत होते, तिला काय कळणार. ती वाट बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "अहो, भावजीनी आयकलं न्हाय वाटतं." आणि पुन्हा वाजवायला हात उचलू लागली, तो तिच्यानं उचलवला नाही. मी तिचा हात माझ्या हातात घेऊन पेला वाजवायला पाहिजे होता. मी चमचा काढून घेतला, म्हणालो, "पडून राहा आता."

ती गेली तेव्हा दुपारचा एक वाजत होता. नळावर कुणी हात धुतले नाहीत.

आता हे सगळं आज का लिहितोय ते. दहाव्याला तू आलास. सगळे पांगल्यावर तलावाच्या पायरीवर माझ्याजवळ बसलास, तुझे डोळे लाल झाले होते, आणि म्हणालास, "सिदा, माज्या मिशनच्या आवाजानं वैनीला शेवटी लई तरास झाला रं. मला येक शब्द सांगायचा, मी आपसूक बंद केलं असतं. मला माफ कर." आणि माझे पाय शिवायला वाकलास. चार माणसं बघत होती. मी काय केलं? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं." मी तुला माफ केलं, जोतीराम. तीन आठवडे झाले, तो हात माझा मला सहन होत नाही. माफी तुझ्याकडं मी मागायची राहिली आहे. ती तू द्यावीस म्हणून हे पत्र नाही, ते तुझं तू ठरव. तुझ्या आवाजाचा तिला त्रास नव्हता, तिचा दिवस त्याच्यावर चालायचा, आणि तो मी बंद पाडला, एवढं तुला कळल्याशिवाय तू राहू नयेस म्हणून आहे. काल हिंदुरावांकडं जाऊन हेच सगळं सांगितलं, लेखी दिलं. ते म्हणाले, "जोतीरामला यायला सांगा, बाकीचं मी बघतो." तक्रार मागं घेतल्याचा कागदही ऑफिसात देऊन आलो, यावेळी माझ्या सहीनं. तू येशील की नाही मला माहीत नाही. आलास तर नियमाप्रमाणं आठला चालू कर. पण त्याआधी भिंतीशी ये आणि रोजच्यासारखी हाक मार, वैनी, करू का चालू. पेला मी खिडकीतच ठेवलाय. तो मी वाजवणार नाही, तो हक्क तिचा होता. आतून काही आवाज येणार नाही. तेवढा वेळ थांब, आणि मग मिक्सर सुरू कर.

तुझाच,
सिदा